अकरा मिनिटांचं इंजिन

पहिल्यांदा एक गोष्ट स्पष्ट करते. आमच्या पिकअपच्या इंजिनाला सहा सिलिंडर आहेत. चार नाहीत. पूर्वीही चार नव्हते आणि मी त्यात दोन वाढवलेले नाहीत. हे मी गेल्या दोन महिन्यांत तोंडी, लेखी, दोन प्रतींत आणि एकदा शपथेवर सांगितलेलं आहे. तरीही आमच्या सोसायटीत असे लोक आहेत, जे जिन्यात गाठून हळू आवाजात विचारतात, की ते जादाचे दोन सिलिंडर शेवटी काढले का.

मी पदार्थविज्ञानात एम.एस्सी. केलं आहे आणि सातपूरला एका मापन प्रयोगशाळेत काम करते. कारखान्यांतली मोजायची उपकरणं बरोबर मोजतात की नाही, ते आम्ही मोजतो. म्हणजे सहापर्यंत मोजण्याची माझी पात्रता कागदोपत्री सिद्ध आहे. असो.

पिकअप नानांची. नाना म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, राहणार सायखेडा. तीसेक वर्षं त्यांनी ह्याच गाडीतून सायखेड्याची भाजी पंचवटीच्या बाजारात आणली, आणि शाळेला सुट्टी असली की मला पुढे बसवून नेलं. सहा हा आकडा मी बोटांवर शिकले नाही. नाना बोनेट उघडून उभे असायचे तेव्हा प्लगच्या वायरी मोजत शिकले. त्यामुळे कुणी त्या चार आहेत म्हटलं, की मला माझं बालपण खोटं ठरवल्यासारखं वाटतं.

गेली पाच वर्षं गाडी गोठ्याशेजारी उभी होती. बोनेटवरच्या कंपनीच्या नावातली दोनच अक्षरं उरली होती आणि त्यावर कोंबड्या बसत. श्रावणात आम्ही जेवायला गेलो, तेव्हा नानांनी भात कालवता कालवता सांगितलं, की गाडीची नोंदणी ऑक्टोबरअखेर संपतेय, इंजिन नुसता धूर ओकतंय, आणि यादव भंगारवाल्याला त्यांनी शब्द दिलाय. नानांचा शब्द हे प्रकरण गंभीर असतं. एकदा त्यांनी एकाच मुहूर्ताच्या दोन लग्नांना यायचा शब्द दिला होता, तर एका मांडवात अर्धं जेवले आणि उरलेलं जेवायला दुसऱ्या मांडवात गेले.

मी म्हटलं, इंजिन मी बांधते.

सगळ्यांचे हात ताटावर थांबले. नानांनी माझ्याकडे न बघता बाबांना विचारलं, "महेश, हिला जमंल का रे?"

बाबांनी मान हलवली. इथे बाबांच्या मानेबद्दल सांगायला हवं, कारण पुढचे निम्मे घोटाळे तिने केले. बाबा पोस्टात अडतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झाले. खिडकीपलीकडचा माणूस काहीही सांगत असला तरी गंभीरपणे मान हलवायची, ही सवय त्यांना तिथे लागली. त्या हलण्याचा अर्थ 'होय' नसतो, 'नाही'ही नसतो. त्याचा अर्थ 'तुमचं म्हणणं माझ्यापर्यंत पोचलं' एवढाच असतो. पण हे फक्त आम्हाला ठाऊक.

शेवटी ठरलं ते असं. ऑक्टोबर संपायच्या आत गाडी तपासणीत पास व्हायची आणि सायखेड्याला यायची. "टोचन लावून आणलेली चालायची नाय," नाना पुन्हा बाबांनाच म्हणाले. "सोताच्या पायानं आली पाहिजे. नायतर यादव घेऊन जाईल."

जाताना मात्र ती टोचन लावूनच गेली. मखमलाबाद रोडवरच्या आमच्या सोसायटीत पार्किंगच्या एका कोपऱ्यात तिची स्थापना झाली. दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी रविराजकाकांनी सूचनाफलकावर नोटीस लावली, की पार्किंगमध्ये अवजड वस्तू ठेवू नयेत. नोटीस लावून झाल्यावर ते प्लास्टिकची खुर्ची घेऊन त्याच अवजड वस्तूशेजारी येऊन बसले, ते रोज संध्याकाळी बसू लागले. तिथे सल्ला देणाऱ्यांचा दरबारच भरायचा. कुणी म्हणे गॅसवर करून टाका. कुणी म्हणे ट्रॅक्टरचं इंजिन बसवा, मरेस्तोवर बघायला नको. तिसऱ्या मजल्यावरच्या गोदावरीकाकूंनी मला बाजूला घेऊन विचारलं, की मुलीला शोभेल अशी एखादी छोटी कार का नाही बघत. आणि इंजिनाच्या आत काय आहे हे ज्यांना माहीत नव्हतं त्यांनी, आणि ज्यांना माहीत होतं त्यांनीही, शेवटी एकच विचारलं: ॲव्हरेज किती देणार?

मदतीला मी धोंडीराम मिस्त्रींना बोलावलं. दिंडोरी नाक्यामागे त्यांचं गॅरेज. वय सत्तरीला टेकलेलं, डोक्यावर टोपी, टोपीखाली काही नाही. नानांच्या गाडीचं काम पूर्वी तेच करायचे. माणूस उत्तम, फक्त एक दोष होता. ते माझ्याशी बोलत नसत. प्रश्न मी विचारायची, उत्तर बाबांना मिळायचं.

क्रँकची झीज किती असेल, असं मी विचारलं. मिस्त्रींनी त्या लोखंडी दांड्यावरून अंगठ्याचं नख फिरवलं आणि बाबांना सांगितलं, "साहेब, दोन केसाएवढी हाय. लय नाय." बाबांनी मान हलवली. मी प्रयोगशाळेतून आणलेला मायक्रोमीटर काढला, तीन ठिकाणी, प्रत्येकी पाचदा मोजमाप घेतलं, सरासरी काढली. शून्य पूर्णांक चौदा मिलिमीटर. घरी जाऊन मी माझा एक केस मोजला. शून्य पूर्णांक शून्य सात. हा योगायोग आहे. एका निरीक्षणावरून कुणी सिद्धान्त मांडत नसतं.

नुसती डागडुजी न करता इंजिन किंचित सुधारायचं, असं मी ठरवलं होतं. जुन्या काळच्या पेट्रोलला धरून त्यात हवा-पेट्रोल जरा कमीच दाबलं जायचं. सिलिंडरवरचं झाकण, म्हणजे हेड, थोडं घासून घेतलं की दाब वाढतो आणि तेवढ्याच पेट्रोलमध्ये ताकद जास्त मिळते. किती घासायचं, हे काढायला मी हेडच्या सहाही खळग्यांत ब्युरेटनं रॉकेल भरून त्यांचं आकारमान मोजलं आणि दोन पानं गणित केलं. उत्तर एक पूर्णांक दोन मिलिमीटर आलं. मिस्त्रींनी हेड उन्हात धरलं, एक डोळा मिटला आणि बाबांना म्हणाले, पाव सूत अन् वर थोडं. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, मिस्त्री लोकांचं माप. पाव सूत आणि वर थोडं म्हणजे नेमकं किती, हे मी मोजलं नाही. माझी इच्छा नव्हती.

याच सुमारास मी तपासणीचा अर्ज घेऊन एका सरकारी खिडकीवर गेले. बाबा सोबत होते, तीच चूक झाली. खिडकीतले गृहस्थ म्हणाले, कॉम्प्युटरला गाडी चार सिलिंडरची आहे. मी जुनं नोंदणीपुस्तक दाखवलं, त्यात शाईनं सहा लिहिलेलं होतं. ते म्हणाले, पुस्तक जुनं आहे. मी म्हटलं, गाडीही जुनी आहे. मग त्यांनी माझ्या खांद्यावरून मागे बघत बाबांना विचारलं, "साहेब, दोन वाढवलेत का? वाढवले असतील तर बदलाची परवानगी घ्यावी लागते."

बाबांनी मान हलवली.

त्या गृहस्थांनी शांतपणे शेरा लिहिला, की मालकाच्या बंधूंनी दोन सिलिंडर वाढवल्याचं मान्य केलं आहे. पुढचे नऊ दिवस मी या शेऱ्याशी लढले. इंजिन हे एका ओतीव ठोकळ्याचं असतं, त्यात खोली वाढवावी तसा सिलिंडर वाढवता येत नाही, हे मी आकृती काढून सांगितलं. आकृती त्यांनी अर्जाला जोडली आणि पान क्रमांक घातला. अखेर शपथपत्र झालं आणि तोडगा निघाला, की सोळा तारखेला तपासणीच्या मैदानावर सिलिंडर प्रत्यक्ष मोजले जातील. तोपर्यंत सोसायटीत बातमी पसरली होती, की तेजस्विनीच्या गाडीत दोन बेकायदेशीर सिलिंडर सापडले.

सप्टेंबर संपत आला. क्रँक, पिस्टन, नवा ऑइल पंप, सगळं बसवून मी खालचं चेंबर बंद केलं. चेंबर म्हणजे इंजिनाच्या तळाची तेलाची परात. बंद करण्याआधी ते तीनदा पेट्रोलनं धुतलं आणि आत टॉर्च मारून पाहिलं. हेड तेवढं सातपूरला घासायला गेलं होतं. आणि आली खंडेनवमी.

आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारं पाटावर मांडून पूजली, की दसऱ्याला उत्तरपूजा होईपर्यंत त्यांना कुणी हात लावत नाही. मिस्त्री तर त्या दोन दिवसांत पान्याकडे बघतसुद्धा नाहीत. म्हणजे पंधरा दिवस हातात असताना दोन दिवस गेले, त्याबद्दल मी काही बोलत नाही. पण माझा मायक्रोमीटरही पाटावर गेला आणि आईने त्याच्या नेमक्या मोजायच्या टोकाला कुंकवाचं बोट लावलं. कुंकवाचा थर किती जाड असतो याची तिला कल्पना नाही. मला आहे. मी मोजला.

मग खाली पार्किंगमध्ये सगळ्या बिऱ्हाडांच्या गाड्यांची पूजा, आणि त्यात इंजिनाची. उघड्या सिलिंडरांत कचरा जाऊ नये म्हणून मी वरून स्वच्छ कापड ताणून बांधलं होतं. आई म्हणाली, "मी काय कापडाची पूजा करू?" तिला उघडं लोखंड हवं होतं आणि मला ते उघडं करायचं नव्हतं. मी तोडगा काढला. इंजिनाच्या कडेला तेल ओतायची नळी असते, तिच्यावर बशीसारखं खोलगट पितळी झाकण आहे. मी सांगितलं, जे काय वाहायचं ते ह्या झाकणावर वाहा, दुसरीकडे एक कण पडता कामा नये. सर्वांनी ऐकलं. चोवीस बिऱ्हाडांनी रांगेत येऊन त्या झाकणावर अक्षता वाहिल्या. रविराजकाकांनी दोनदा वाहिल्या, सेक्रेटरी म्हणून एकदा आणि व्यक्तिशः एकदा.

दसऱ्याला उत्तरपूजेत पूजलेली वस्तू जरा उत्तरेला सरकवायची असते. हे इंजिन अडीचशे किलोचं. रविराजकाका म्हणाले चार माणसं लावू, मी म्हटलं बिलकूल नाही, एखादा भाग प्रतीकात्मक सरकवला तरी चालेल. तसं केलं, आणि ते प्रकरण एकदाचं संपलं.

त्यानंतर इंजिन पुन्हा गाडीत चढवून मी हेड बसवलं. प्रत्येक नट ठरलेल्या क्रमाने, ठरलेल्या जोराने, तीन फेऱ्यांत आवळला. तेल ओतताना तर मलमलचं दुहेरी कापड नरसाळ्यात घालून गाळून ओतलं, कारण डब्यातल्या तेलावर माझा विश्वास नव्हता. मिस्त्री ते बघत होते. त्यांनी बाबांना सांगितलं, की आपण आयुष्यात तूपसुद्धा असं गाळलं नाही.

दसऱ्यानंतर पाचव्या दिवशी इंजिन सुरू झालं. पहिल्याच झटक्यात. धूर नाही, खडखड नाही, सहाही सिलिंडर एका सुरात. मी डॅशबोर्डवर तेलाच्या दाबाचा नवा काटा बसवला होता, आमच्याच प्रयोगशाळेत पडताळलेला. काटा चाळीसवर स्थिर. रविराजकाकांनी टाळ्या वाजवल्या आणि ॲव्हरेज विचारलं.

अकराव्या मिनिटाला काटा पडला. चाळीसवरून तीस, वीस, आठ. मी किल्ली ओढली. तेलाचा दाब गेला की इंजिन आतून स्वतःला खाऊन टाकतं, काही मिनिटांत. दहा मिनिटं थांबून पुन्हा सुरू केलं. चाळीस. आणि पुन्हा बरोबर अकराव्या मिनिटाला घसरगुंडी. मी हे सात वेळा केलं. वही घालून, तापमानासकट. सरासरी अकरा मिनिटं चार सेकंद.

मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी बाबांना सांगितलं, "साहेब, खाली कायतरी गेलंय. चेंबर खोलू."

हे ऐकून मला काय वाटलं, ते मी सभ्य शब्दांत लिहिते. जे चेंबर मी तीनदा धुतलं, टॉर्च मारून पाहिलं, ज्यात तेल मलमलमधून गाळून ओतलं, त्यात काहीतरी गेलंय. मी म्हटलं, आत काहीही जाणं शक्य नाही. दोष पंपात आहे. पंप गोदावरी ऑटो स्पेअर्समधून आणला होता. त्यांना मी चार पानांचं पत्र लिहिलं, सोबत दाब आणि वेळेचा आलेख जोडला आणि पंपाच्या दर्जाविषयी माझं मत नोंदवलं. दुकानाचे मालक समर्थशेठ यांनी उत्तरादाखल जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं. याचा अर्थ माफी होता की निरोप, ते मला कळलं नाही. दुसरा पंप मिळायला दोन आठवडे लागणार होते. तपासणी चार दिवसांवर होती.

तेव्हा मी मोजमापाचा आधार घेतला. अकरा मिनिटं चालतं, दहा मिनिटं विश्रांती घेतली की पुन्हा अकरा मिनिटं चालतं. तपासणीचं मैदान आडगावच्या पुढे, पस्तीस मिनिटांवर. म्हणजे तीन मुक्काम.

सोळा तारखेला आम्ही निघालो. मी चालवत होते, मधे बाबा, खिडकीशी मिस्त्री. पहिला मुक्काम मालेगाव स्टँडला पडला, दुसरा निमाणीजवळ, तिसरा आडगाव नाक्याच्या पुढे. प्रत्येक ठिकाणी मी साडेदहाव्या मिनिटाला गाडी कडेला घेऊन बंद करायची आणि तिघं उतरून चहा घ्यायचो. प्रत्येक ठिकाणी चारपाच माणसं जमायची, बोनेटखाली वाकायची आणि बाबांना सल्ला द्यायची. निमाणीजवळ एक रिक्षावाले म्हणाले, पेट्रोलमध्ये पाणी आहे. बाबांनी मान हलवली. दुसरे म्हणाले, पाणी नाही, बॅटरी. बाबांनी त्यांनाही मान हलवली. तिसरा चहा मी न पिता कडेच्या मातीत ओतला.

मैदानावर रांग होती. आमचा नंबर आल्यावर मी इंजिन सुरू केलं आणि घड्याळ पाहिलं. तपासणी करणारे साहेब दिवे बघत होते, ब्रेक बघत होते, सावकाश, पेन्सिल कानामागे ठेवत आणि काढत. धूर मोजून झाला तेव्हा साडेसात मिनिटं गेली होती. मग त्यांनी फाइल उघडली आणि माझी आकृती बाहेर काढली. म्हणाले, सिलिंडर मोजायचे आहेत, इंजिन चालूच राहू द्या. नऊ मिनिटं. मी म्हटलं, बंद करते. ते म्हणाले, बंद का करायचं, पुन्हा चालू होत नाही का? दहा मिनिटं. मला खोटं बोलता येत नाही आणि खरं बोलले असते तर गाडी त्याच दिवशी यादवकडे गेली असती. माझं लक्ष काट्यावर होतं आणि तो थरथरायला लागला होता.

मिस्त्री पुढे झाले. "साहेब, वायरीला करंट अस्तोय. बंद करूनच मोजा. मागल्या वर्षी एकाचं बोट गेलं असतं."

साहेबांनी स्वतःच्या बोटांकडे पाहिलं आणि बंद करा म्हणाले. मग त्यांनी वायरी मोजल्या. सहा. दुसऱ्या बाजूने मोजल्या. सहा. मग हाताखालच्या माणसाला मोजायला लावल्या, त्याच्या पाच भरल्या, म्हणून पुन्हा स्वतः मोजल्या. या सगळ्यात इंजिनाला बारा मिनिटं विश्रांती मिळाली. परत चालू करून दाखवलं, काटा चाळीसवर. साहेबांनी सही केली आणि बाबांचं अभिनंदन केलं.

परतीच्या तीन मुक्कामांत मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. गाडी पास झाली होती, पण सायखेडा आमच्याकडून तासाभरावर आहे. चहा पीत पीत गाडी नानांच्या दारात न्यायची आणि सांगायचं, की हिला दर अकरा मिनिटांनी बसवून ठेवावं लागतं, ही त्यांची फसवणूकच झाली असती. नाना काही बोलले नसते. फक्त बाबांकडे बघितलं असतं.

रविवारी सकाळी मी मिस्त्रींना सांगितलं, चेंबर खोला. त्यांनी गाडीखाली पोतं अंथरलं. पार्किंगमध्ये खुर्च्या लागल्या. तेल काढलं, नट सोडले, परात खाली आली. पंपाला तेल ओढून घेण्यासाठी तळाशी एक गोल जाळी असते. त्या जाळीवर, चिकटून, एकावर एक, गच्च, तेलात माखलेले दाणे होते. कडेकडेला लालसर.

आई जिना उतरून आली, एक दाणा चिमटीत घेऊन तिने पदराला पुसला आणि उजेडात धरला. "इंद्रायणी," ती म्हणाली. "आपलाच."

मी ते दाणे मोजले. चारशे बारा. मला सहाच्या पुढेही मोजता येतं. कारण तर लगेच उमगलं. इंजिन चालू झालं की पंप तेल ओढतो, तेलाबरोबर तांदूळ हळूहळू जाळीवर जमतात, अकराव्या मिनिटाला जाळी बंद. इंजिन थांबलं की दाणे सुटून तळाशी जातात. दहा मिनिटांत जाळी मोकळी. इतकी सुंदर गोष्ट माझ्या वहीत सात वेळा लिहिलेली होती आणि मी पंपाला शिव्या देत होते.

आता प्रश्न एकच होता: हे कुणी केलं? मी उभी राहिले आणि जाहीरपणे विचारलं. मी सांगितलं, की मी सर्वांना झाकणावर अक्षता वाहायला सांगितलं होतं, नळीत नाही. माझ्या कामाला कुणी गंभीरपणे घेत नाही म्हणूनच असं होतं, हेही सांगितलं. रविराजकाकांकडे मी जरा जास्त वेळ पाहिलं, कारण दोनदा वाहणारे तेच होते. काका म्हणाले, "माझ्यावर संशय असेल तर तसं लेखी दे." मी म्हटलं, देते.

तेव्हा त्यांची सून अंजली म्हणाली, दसऱ्याच्या पूजेचा व्हिडिओ आहे की सोसायटीच्या ग्रुपवर. तिनेच काढला होता. सत्तावीस जणांनी त्याला अंगठा दिला होता, त्यात एक माझा होता. बघितला मात्र नव्हता.

आता सगळ्यांनी तो बघितला. व्हिडिओत मी आहे, हातात फोन. मी म्हणतेय, थांबा, अंदाजाने सरकवायचं नाही, खरी उत्तर बघते. मग चुंबकीय उत्तर आणि भौगोलिक उत्तर यांतला फरक समजावून सांगतेय, आणि नाशिकला तो नगण्य आहे, हेही सांगतेय. मग मी म्हणतेय, प्रतीकात्मक म्हणून हे झाकण एक इंच सरकवू. आणि मी ते पितळी झाकण उचलते, फोनकडे बघत, बरोबर उत्तरेला, जरासं तिरकं. चोवीस बिऱ्हाडांच्या अक्षता त्या बशीतून, जात्यात घास टाकावा तशा, सरळ नळीत जातात. व्हिडिओच्या शेवटी सगळे टाळ्या वाजवतात. मीही.

मिस्त्रींनी काही म्हणायला हवं होतं. काहीही चाललं असतं. ते जाळी पेट्रोलनं धूत राहिले आणि धुऊन झाल्यावर बाबांना एवढंच म्हणाले, "साहेब, पंप चांगला हाय."

त्या संध्याकाळी मी समर्थशेठना दुसरं पत्र लिहिलं. एका पानाचं, आलेख न जोडता. त्यांनी पुन्हा तेच जोडलेले हात पाठवले. रविराजकाकांना लेखी नको होतं, त्यांनी तोंडी माफीवर भागवलं, पण ती सूचनाफलकासमोर उभं राहून मागायला लावली.

दिवाळीच्या पाडव्याला सकाळी आम्ही सायखेड्याला निघालो. मी चालवत होते, शेजारी आईबाबा, मागच्या हौद्यात पोत्यावर मिस्त्री. दहाव्या मिनिटाला गाडीत बोलणं थांबलं. अकराव्याला आईने डोळे मिटले. बाराव्याला बाबांनी श्वास सोडल्याचं मला इंजिनाच्या आवाजातही ऐकू आलं. काटा चाळीसवर होता, तो चांदोरीचा पूल ओलांडून सायखेड्यात शिरेपर्यंत चाळीसवरच राहिला.

अंगणात नाना होते आणि बाजेवर चहा पीत यादव बसला होता. नानांनी दोन्हीकडचा शब्द पाळला होता. गाडी न आल्यास नेणारा माणूस दारात हजर पाहिजे, म्हणून त्याला बोलावून ठेवलं होतं. यादवने गाडी आत येताना पाहिली, कप खाली ठेवला आणि चप्पल शोधायला लागला.

मी इंजिन बंद केलं आणि नाना गाडीपाशी आले. त्यांनी बोनेट उघडलं आणि एकेका वायरीला बोट लावत गेले. सहाव्या वायरीवर बोट थोडं थांबलं. तेवढ्यात नानांच्या पत्नी मालनकाकू ताट घेऊन आल्या, कुंकू लावलं आणि ताट नानांपुढे केलं. नानांनी मूठभर अक्षता उचलल्या. मी झटकन पुढे होऊन पितळी झाकणावर तळहात ठेवला. हौद्यातून मिस्त्री हसल्याचा आवाज आला, दोन महिन्यांत पहिल्यांदा. नानांनी माझ्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मूठ माझ्या डोक्यावर रिकामी केली.

मग बोनेट पाडून ते चालकाच्या जागेवर चढले आणि किल्ली फिरवली. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून आवाज ऐकला. इंजिन सहाही सिलिंडरांवर चालू होतं. खिडकीतून डोकं काढून त्यांनी नेहमीसारखं बाबांना विचारलं, "महेश, नेऊ का पंचवटीपोत? पोचंल का?"

बाबांची मान हलायला लागली आणि अर्ध्यात थांबली.

"मला काय विचारतोस, नाना," बाबा म्हणाले. "इंजिन तिनं बांधलंय. तिला विचार."

नाना वळले. मला वाटतं, मी सात वर्षांची असल्यापासून ते कामाच्या गोष्टीसाठी माझ्याकडे असे वळले नव्हते. "तेजू, नेऊ का?"

माझ्याकडे उत्तर तयार होतं. दाब, तापमान, अंतर, वळणं, सगळ्या आकड्यांसकट. पण मी नुसती मान हलवली. केसांतून दोन तांदूळ खाली पडले, आणि बोनेट नीट बंद आहे ना, हे मी आधी पाहिलं.